बहुखंडी निद्रा : दोन तासांच्या झोपेचा दावा आणि शरीराचे उत्तर

फरीदाबाद : दिवसाचे २४ तास कमी पडतात, अशी तक्रार करणाऱ्यांना 'झोपेचे तास कमी करा' हा सल्ला गेली अनेक दशके आकर्षित करीत आला आहे. या सल्ल्याचे टोकाचे रूप म्हणजे 'पॉलिफेजिक' अर्थात बहुखंडी निद्रा. रात्रीची सलग झोप पूर्णपणे सोडून द्यायची आणि दिवसरात्र ठरावीक अंतराने घेतलेल्या डुलक्यांवर राहायचे, असे तिचे स्वरूप आहे. काही आठवडे त्रास सोसला की शरीर या पद्धतीला सरावते, असा तिच्या पुरस्कर्त्यांचा दावा आहे. निद्राविज्ञानातील पुरावा मात्र या दाव्याला दुजोरा देत नाही. तीन पाळ्यांत चालणारे कारखाने, रुग्णालये आणि रात्रभर वाहणारा दिल्ली-मथुरा महामार्ग असलेल्या फरीदाबादसारख्या औद्योगिक शहरात हा प्रश्न केवळ हौशी प्रयोगांपुरता उरत नाही. तेथे हजारो लोकांच्या झोपेचे तुकडे त्यांच्या इच्छेविना होत असतात.

पद्धतीचे प्रकार

दिवसातून एकदाच सलग झोपणे म्हणजे एकखंडी निद्रा. रात्रीच्या झोपेला दुपारच्या वामकुक्षीची जोड दिली की ती द्विखंडी होते. बहुखंडी पद्धतींपैकी तीन प्रकार विशेष चर्चेत असतात. 'एव्हरीमॅन' पद्धतीत रात्री सुमारे तीन तासांची मुख्य झोप आणि दिवसा २० मिनिटांच्या तीन डुलक्या घेतल्या जातात. 'उबरमॅन' पद्धतीत मुख्य झोपच नसते. दर चार तासांनी २० मिनिटे, अशी दिवसभरात केवळ दोन तासांची झोप मिळते. 'डायमॅक्सियन' पद्धतीत दर सहा तासांनी अर्धा तास झोपायचे असते.

डायमॅक्सियन पद्धत अमेरिकी वास्तुरचनाकार व संशोधक बकमिन्स्टर फुलर यांच्या नावाशी निगडित आहे. आपण सुमारे दोन वर्षे असे झोपत होतो, असे त्यांचे म्हणणे 'टाइम' साप्ताहिकाने १९४३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी ती सोडण्याचे कारणही त्याच वृत्तात होते : त्यांचे व्यावसायिक सहकारी इतरांप्रमाणेच झोपत असल्याने वेळापत्रक जुळेना. लिओनार्दो दा विंची अशाच पद्धतीने झोपत असे, हे नेहमी सांगितले जाते. परंतु त्याला समकालीन पुराव्याचा आधार नाही.

शरीर विरोध का करते?

स्विस शास्त्रज्ञ अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार झोपेचे नियमन दोन प्रक्रिया करतात. पहिली म्हणजे निद्रादाब. जागेपणाचा काळ जसा वाढतो तसा हा दाब साठत जातो आणि झोपेत तो ओसरतो. दुसरी प्रक्रिया म्हणजे मेंदूतील जैविक घड्याळ, जे सुमारे २४ तासांच्या लयीत चालते. या लयीमागील रेण्वीय यंत्रणेच्या शोधासाठी जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रकाश-अंधाराशी जुळलेले हे घड्याळ चार किंवा सहा तासांच्या आवर्तनात बसवता येत नाही. मेलाटोनिन हे संप्रेरक रात्रीच वाढते आणि शरीराचे तापमान पहाटेच्या सुमारास सर्वांत खाली येते. डुलक्यांचे वेळापत्रक बदलल्याने या लयी नाहीशा होत नाहीत.

त्यामुळे पहिली अडचण ऐनवेळी झोप न येण्याची असते. इस्राएली संशोधक पेरेत्झ लावी यांनी सात मिनिटे झोप आणि तेरा मिनिटे जागरण अशा अतिलघू आवर्तनांचे प्रयोग केले. झोपेच्या नेहमीच्या वेळेआधीच्या संध्याकाळच्या दोन-तीन तासांत कमालीची थकलेली व्यक्तीही सहजी झोपू शकत नाही, असे त्यांना आढळले. या काळाला त्यांनी झोपेचे 'निषिद्ध क्षेत्र' म्हटले. दर चार तासांच्या वेळापत्रकात एखादी डुलकी या काळात किंवा त्याच्या आसपास येतेच. ती हुकली की पुढची डुलकी येईपर्यंत जागरण दुपटीने लांबते.

दुसरी अडचण जागे होण्याची असते. निद्रादाब फार वाढला की मेंदू डुलकीतही थेट गाढ झोपेत शिरतो. त्या अवस्थेतून गजराने उठवल्यास काही काळ दिशाभान हरपते, हालचाली मंदावतात आणि निर्णय चुकतात. या स्थितीला 'निद्राजडत्व' म्हणतात. अनेक प्रयोग पहिल्या एक-दोन आठवड्यांतच बंद पडतात, ते बहुधा याच टप्प्यावर. गजर ऐकूच येत नाही किंवा तो झोपेतच बंद केला जातो.

आपण जुळवून घेतले, ही भावनाही फसवी ठरू शकते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील हान्स व्हॅन डाँगेन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागींच्या गटांना १४ दिवस रोज चार, सहा किंवा आठ तास झोपू दिले. चार व सहा तास झोपणाऱ्यांची सावधानता दिवसागणिक घसरत गेली. मात्र आपल्याला फारशी झोप येत नाही, असेच ते सांगत राहिले. पेंगुळलेल्या मेंदूला स्वतःच्या पेंगेचे माप घेता येत नाही, हा या संशोधनाचा महत्त्वाचा धडा आहे.

अमेरिकेतील नॅशनल स्लीप फाउंडेशनच्या तज्ज्ञगटाने २०२१ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला. बहुखंडी वेळापत्रकांचे लाभ सिद्ध करणारा पुरावा आढळत नाही. उलट त्यांतून होणाऱ्या निद्राअभावाचा संबंध शारीरिक आरोग्य, मानसिक आरोग्य आणि कार्यक्षमता यांवरील प्रतिकूल परिणामांशी आहे, असा निष्कर्ष या गटाने काढला.

सागरातील अपवाद

डुलक्यांवर राहण्याची खरी गरज एकट्याने सागरप्रदक्षिणा करणाऱ्या नाविकांना भासते. भारतीय नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून 'म्हादेई' या शिडाच्या नौकेवर निघाले आणि चार बंदरांत थांबत १९ मे २०१० रोजी परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले. या मोहिमेमागची प्रेरणा व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची होती आणि नौका गोव्यात बांधली गेली. त्यानंतर अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेवर २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केली.

अशा प्रवासात सुकाणू, शिडे, हवामान आणि अन्य जहाजे यांकडे पाहणारे दुसरे कोणी नसते. त्यामुळे सलग सात-आठ तास झोपणे धोक्याचे ठरते. इटालियन संशोधक क्लॉदिओ स्टाम्पी यांनी एकल नाविकांच्या झोपेचा अभ्यास केला आणि १९९२ मध्ये त्यावर ग्रंथ संपादित केला. झोप अपुरीच मिळणार असेल, तर ती छोट्या डुलक्यांत विभागणे उपयुक्त ठरते, असे त्यांचे निरीक्षण आहे. हा उपाय आणीबाणीच्या, मर्यादित काळासाठी आहे. तो नेहमीच्या जीवनाचा आदर्श मानता येत नाही.

विभागलेली झोप आणि अपुरी झोप

झोप विभागणे स्वतःहून घातक नाही. नवजात बालके दिवसभर तुकड्यातुकड्यांनीच झोपतात. औद्योगिकीकरणापूर्वीच्या युरोपात रात्रीच्या 'पहिल्या' आणि 'दुसऱ्या' झोपेची पद्धत होती, असे अमेरिकी इतिहासकार रॉजर एकर्क यांनी दाखवले आहे. परंतु या उदाहरणांत झोपेची एकूण मात्रा कमी केलेली नाही. प्रौढांनी नियमितपणे किमान सात तास झोपावे, अशी अमेरिकेतील निद्रावैद्यक संस्थांची २०१५ ची शिफारस आहे. वामकुक्षी रात्रीच्या झोपेला पूरक असते. उबरमॅन पद्धतीतील डुलकी तिची जागा घेऊ पाहते.

पाळीतील कामगारांचा प्रश्न

फरीदाबादच्या वाहनभाग उद्योगातील पॉवर प्रेससारख्या यंत्रावर क्षणभराची पेंग बोटे गमावण्यास पुरेशी असते. हरियाणातील वाहन उद्योगात हात चिरडण्याच्या अपघातांचा मागोवा घेणाऱ्या 'सेफ इन इंडिया फाउंडेशन'च्या अहवालांत कामाच्या दीर्घ तासांचा मुद्दा वारंवार पुढे आला आहे. रात्रपाळी संपवून घरी आलेल्या कामगाराला उन्हाळ्यात तापलेल्या खोलीत, गोंगाटात आणि उजेडात झोपावे लागते. घरकाम आणि मुलांची शाळा सांभाळणाऱ्या स्त्रियांची झोप आणखी तुटते.

याचे परिणाम रस्त्यावरही दिसतात. सलग १७ तास जागे राहिल्यानंतरची कार्यक्षमता रक्तातील ०.०५ टक्के मद्यांशाइतकी खालावते, असे ऑस्ट्रेलियातील ड्रू डॉसन आणि कॅथरीन रीड यांनी १९९७ मध्ये दाखवले. भारतात वाहनचालकासाठी मद्यांशाची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. मद्य मोजण्याचे यंत्र पोलिसांजवळ असते. झोपेची थकबाकी मोजणारे तसे साधन नाही.

ज्यांना झोप विभागण्यावाचून पर्याय नाही, त्यांच्यासाठी संशोधनातून काही उपाय पुढे आले आहेत. पाळी बदलली तरी रोज एकाच वेळी किमान चार तास झोपल्यास जैविक घड्याळ स्थिर राहण्यास मदत होते. नौकेच्या नांगराच्या उपमेवरून या झोपेला 'अँकर स्लीप' म्हणतात. उरलेले तास दुसऱ्या खेपेस पूर्ण करावेत. रात्रपाळीपूर्वी २० ते ३० मिनिटांची डुलकी घ्यावी. पाळीच्या उत्तरार्धात चहा-कॉफी टाळावी. झोपण्याच्या खोलीत जाड पडदे लावावेत. पाळी संपल्यावर शक्यतो स्वतः वाहन चालवू नये. अपस्मार किंवा द्विध्रुवी मनोविकार असलेल्यांना निद्राअभावामुळे आजार उफाळण्याचा धोका असतो. त्यांनी, तसेच गर्भवती आणि अल्पवयीन व्यक्तींनी टोकाच्या वेळापत्रकांपासून दूर राहावे.

झोपेतून वाचवलेले तास प्रत्यक्षात उसने घेतलेले असतात. त्यांची परतफेड चुका, आजार किंवा अपघात यांच्या रूपाने होऊ शकते. कारखान्यात ती किंमत केवळ झोपमोड झालेला कामगारच नव्हे, तर त्याच्या शेजारी उभा असलेला सहकारीही मोजत असतो.