सागाचा ओंडका आणि सुताराचा रोज

थिबा राजवाडा ही आपल्या रत्नागिरीची शोभा. पाहुणा आला की आपण त्याला तो दाखवतो आणि ब्रह्मदेशच्या पदच्युत राजाची कथा सांगतो. मला आज राजापेक्षा लाकडाविषयी बोलायचे आहे. राजाचे राज्य बुडाले त्याला निमित्त सागवानच झाले होते.

मुंबईत १८६३ साली स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ब्रह्मदेशात साग तोडीत असे. ओला साग पाण्यावर तरंगत नाही. म्हणून बुंध्याची साल कड्यासारखी कापून झाड उभ्याउभ्या वाळू द्यायचे, मग तोडून हत्तींकरवी ओंडके नदीत लोटायचे. कंपनीने ओंडके कमी दाखवून महसूल बुडवला, असे ठरवून मंडालेच्या दरबाराने १८८५ साली तिला तेवीस लाख रुपये दंड केला. दंड राहिला बाजूला, नोव्हेंबरअखेर मंडालेच पडले! फ्रान्सचे राजकारणही त्यामागे होते, हे खरे. १८८६ साली थिबा रत्नागिरीस आला, १९१० साली ह्या वाड्यात राहावयास गेला आणि १९१६ साली येथेच वारला.

त्याचे एक लाकडी सिंहासन इंग्रजांनी १९०२ साली कलकत्त्याच्या संग्रहालयात ठेवले. मंडालेचा राजवाडा १९४५ च्या युद्धात जळाला. नेले होते तेवढे वाचले, आणि १९४८ साली ब्रह्मदेशाला परत मिळाले. राजाचे नाव सर्वांच्या तोंडी असते. ते कोरणारे हात कोणाचे, हे कोणी विचारीत नाही.

आपल्या माजघरातले सागवानी कपाट दुरुस्तीला काढताना मात्र हे विचारता येते. खण उलटा करून पाहा. दर्शनी बाजू गुळगुळीत, पण खालच्या फळीवर रंध्याचे ओरखडे तसेच असतात. त्या सुताराची सही ती एवढीच. तीवर काचपेपर फिरवू नका. सांधा हलत असेल तर खिळा ठोकू नका, लाकूड फाटते. जुना सरस ऊब आणि ओल मिळताच सुटतो. कुसू खाचेतून अलगद निघते आणि नव्या सरसाने पुन्हा बसते. जुने पॉलिश लाखेचे असेल तर स्पिरिटच्या बोळ्याने तोच थर मऊ होऊन सारखा होतो. पाऊणशे वर्षांत मुरलेला रंग रंध्याने एका सकाळीत जातो.

पण हे काम सावकाशीचे आहे. नगावर मजुरी ठरवली तर सुतार यंत्राने घासून मोकळा होणारच, आणि त्याला बोल लावण्याचा अधिकार आपल्याला नाही. तीन दिवस लागले तर तीन रोज द्या. आणि पावसाळ्यात त्याला बोलावू नका. दमट हवेत लाखेचे पॉलिश पांढरे पडते. दसरा होऊ द्या, मग रोज ठरवून बोलवा.