सांस्कृतिक सक्षमता, बाल व कुटुंबसेवांतील

मुलांचे शिक्षण, आरोग्य, पोषण आणि संरक्षण यांसाठी चालणाऱ्या सेवा ज्या समाजासाठी असतात, त्याची बोली, घराची रचना, आहार, कामाच्या वेळा, मूल वाढवण्याच्या रीती आणि श्रद्धा ध्यानात घेऊन त्या सेवा चालवण्याची संस्थेची व कार्यकर्त्याची पात्रता.

संज्ञा : ही संज्ञा अमेरिकेत रुळली. टेरी क्रॉस, बार्बारा बॅझरन, कार्ल डेनिस आणि मरीसा आयझॅक्स यांनी अल्पसंख्य समाजांतील, तीव्र भावनिक अडचणी असलेल्या मुलांच्या सेवांविषयी १९८९ मध्ये एक प्रबंध प्रसिद्ध केला. त्यात संस्थांच्या वर्तनाच्या सहा पायऱ्या मांडल्या आहेत : संस्कृतीचा विध्वंस, असमर्थता, अंधत्व, पूर्वसक्षमता, सक्षमता व प्रावीण्य. यांतील तिसरी पायरी विशेष लक्षणीय आहे. ‘आमच्याकडे सगळ्यांना सारखीच वागणूक मिळते’ असे अभिमानाने सांगणारी संस्था क्रॉस यांच्या हिशेबी या तिसऱ्या पायरीवर असते. भारतातील बहुतेक सरकारी योजना येथेच आढळतात. १९९८ मध्ये टर्व्हालॉन व मरी-गार्सिया या दोन डॉक्टरांनी ‘सक्षमता’ या शब्दाऐवजी ‘सांस्कृतिक विनम्रता’ सुचवली. दुसऱ्याची संस्कृती प्रशिक्षण घेऊन कायमची आत्मसात करता येते, हे त्यांना मान्य नव्हते.

बोर्डी-कोसबाड प्रयोग : संज्ञा येण्याच्या चार दशके आधी तिचा आशय महाराष्ट्रात प्रत्यक्ष उतरला होता. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्याबरोबर मॉन्टेसरी पद्धतीवर काम केले होते. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये ताराबाईंनी डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे (तेव्हा ठाणे, २०१४ पासून पालघर जिल्हा) ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्याच साली पुण्यात शिक्षिका असलेल्या अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांना येऊन मिळाल्या व अखेरपर्यंत याच कामात राहिल्या. पुढे १९५७ च्या सुमारास केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले.

बालवाडी उघडली म्हणून आदिवासी पाड्यावरची मुले तिच्यात येईनात. आईबाप पहाटे मजुरीला जात; थोरली मुलगी धाकट्याला काखेला मारून घर सांभाळी, मुलगे गुरांमागे जात. यात शिक्षणाविषयीची अनास्था शोधण्यापेक्षा ताराबाई-अनुताईंनी बालवाडीची जागा आणि वेळ बदलली. शिक्षिका सकाळी पाड्यावर जाई आणि एखाद्या झोपडीपुढच्या अंगणात मुले गोळा करी, हीच अंगणवाडी. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. मुलांबरोबर शिक्षिकाच रानात जाई व गुरे चरत असता गाणी, गोष्टी, मोजणी चाले. धाकट्या भावंडामुळे अडकलेल्या मुलीसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली. या रचनेला विकासवाडी म्हणत. मूल काखेतून उतरल्यावाचून ती मुलगी शाळेत बसणार नव्हती, एवढी साधी गोष्ट तोवर कोणत्याही शिक्षण खात्याच्या ध्यानात आली नव्हती.

साधनांचेही तसेच. मॉन्टेसरीचे लाकडी साहित्य महाग आणि पाड्याला अनोळखी होते. त्याजागी शिंपले, खडे, चिंचोके, पाने, बिया आल्या. इंद्रियशिक्षणाचे तत्त्व मात्र तसेच ठेवले. संगोपनाच्या अंगाने पाहता चित्र थोडे मिश्र आहे. अंघोळ, नखे, केस, स्वच्छ कपडे यांवर अंगणवाडीच्या दिनक्रमात मोठा भर होता. खरजेच्या दिवसांत त्याचा उपयोग निर्विवाद, पण स्वच्छतेची कल्पना पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गाची होती, असाही आक्षेप घेता येतो.

ज्या साली केंद्र उघडले त्याच साली उंबरगाव-डहाणू भागात वेठ आणि लग्नगडी पद्धतीविरुद्ध वारल्यांचा लढा उभा राहिला. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायकोने सावकाराकडे राबत राहायचे, ही ती पद्धत. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लढ्याची हकिकत आहे. कोसबाडच्या अभ्यासकाने ते अवश्य वाचावे. मुलाच्या सवडीनुसार शाळा बदलता येते; पण आईबापांची सवडच सावकाराच्या ताब्यात असते तेथे शाळेचा प्रभाव कुठवर पोहोचतो, हा प्रश्न त्यावाचून अनुत्तरित राहतो.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण, तर अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. अनुताईंचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे आत्मपर पुस्तक या प्रयोगाचा महत्त्वाचा लेखी आधार होय. १९८२ मध्ये अनुताई व रमेश पानसे यांनी ग्राममंगल ही संस्था स्थापली. तिने डहाणू परिसरात हेच काम पुढे नेले.

एकात्मिक बालविकास सेवा योजना : २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ही योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. नाव कोसबाडचे, रचना मात्र वेगळी : देशभर एकच वेळापत्रक, एकाच नमुन्याची नोंदवही, आहाराचे एकच परिमाण. पाकीटबंद पूरक आहाराचे पदार्थ मुले खात नाहीत, ते गुरांपुढे जातात, अशी तक्रार सेविकांकडून वारंवार ऐकू येते. या आहाराच्या पुरवठ्यात ठेकेदार नसावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००४ मध्ये दिला होता. महाराष्ट्र राज्याने २०१५ मध्ये अनुसूचित क्षेत्रात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आणली. गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे गरम, चौरस जेवण आणि लहान मुलांना अंडी किंवा केळी देण्याची ही योजना पाकिटापेक्षा ताटाच्या अधिक जवळची आहे.

गडचिरोली : डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ संस्था सुरू केली. दवाखान्यात का येत नाही, असे विचारल्यावर गोंड लोकांनी दिलेली उत्तरे आता सर्वज्ञात आहेत : डॉक्टर-परिचारिका पांढरे कपडे घालतात आणि आम्ही पांढऱ्यात प्रेत गुंडाळतो, नातेवाइकांना रुग्णाजवळ राहू देत नाहीत. त्यानुसार शोधग्राम या ‘सर्च’च्या आवारातील रुग्णालय झोपड्यांच्या वस्तीसारखे बांधले गेले, नातेवाइकांना सोबत राहण्याची मुभा मिळाली आणि रुग्णालयाला दंतेश्वरी देवीचे नाव देण्यात आले. बालआरोग्याच्या दृष्टीने दोन गोष्टी महत्त्वाच्या. न्यूमोनिया ओळखण्यासाठी बाळाचे श्वास मोजावे लागतात, पण निरक्षर दाईला साठपर्यंत आकडे येत नसत. तिच्यासाठी मण्यांचे साधन केले : दर १० श्वासांना एक मणी सरकवायचा, वाळूच्या घड्याळातील एक मिनिट सरण्याआधी लाल मणी आला तर न्यूमोनिया. दाईला आकडे येत नाहीत ही अडचण तिची न मानता साधनाची मानली गेली. दुसरी, घरोघरी नवजात बालसेवा. ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार करून, ४७ गावांशी तुलना करता, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ पासून ‘आशा’ कार्यकर्तीमार्फत ही सेवा देशभर देण्याचे धोरण आहे.

मेळघाट : कोरकू समाजात आजारी बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके देण्याचा उपचार आढळतो. भूमकाला (पारंपरिक वैदू) दोषी ठरवावे की त्यालाच रुग्णालयाकडे रुग्ण धाडणारा दुवा करावे, याविषयी मतभेद आहेत. रीतीचा आदर कोठे थांबतो, याचे हे सर्वांत अवघड उदाहरण.

बालसंरक्षण व कायदा : अमेरिकेत मूळनिवासी मुलांपैकी २५ ते ३५ टक्के मुले घरांपासून वेगळी काढली गेल्याचे १९७० च्या दशकातील पाहण्यांत दिसल्यावर १९७८ चा ‘इंडियन चाइल्ड वेल्फेअर ॲक्ट’ झाला. मूल शक्यतो नात्यात किंवा जमातीत ठेवावे, असे त्यात आहे. २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. न्यूझीलंडमध्ये माओरी समाजाच्या तक्रारींवर ‘पुआओ-ते-अता-तू’ हा अहवाल १९८६ मध्ये आला. १९८९ च्या कायद्याने मुलाविषयीच्या निर्णयासाठी विस्तारित कुटुंबाची बैठक घेण्याची रीत घालून दिली. ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी तेथील मूळनिवासी कुटुंबांकडून हिरावून नेलेल्या मुलांविषयी २००८ मध्ये संसदेत माफी मागितली.

नॉर्वेत २०११ मध्ये एका भारतीय दांपत्याची दोन लहान मुले सरकारने ताब्यात घेतली. हाताने भरवणे, मुलाला जवळ घेऊन झोपणे ही कारणे होती, असे पालकांचे म्हणणे होते. तेथील यंत्रणेने ते नाकारले. प्रकरण दोन्ही देशांच्या सरकारांपर्यंत गेले.

स्थलांतरित : ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी साखरशाळा (साखर कारखान्यांजवळच्या हंगामी शाळा) चालवल्या गेल्या.

भाषा : २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील अनुसूचित जमातींची लोकसंख्या १ कोटी ५ लाख (९.३५ टक्के) आहे. देशात भिली गटातील भाषा बोलणारे १ कोटीहून अधिक असूनही ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. गोंडी, कोरकूही नाहीत. महाराष्ट्रात अंगणवाडीसेविका त्याच गावची रहिवासी असावी लागते. केंद्रातील निम्म्याहून अधिक मुले गोंडी, कोरकू, पावरी, भिलोरी, बंजारा, उर्दू अशी मराठीहून वेगळी भाषा बोलत असतील, तर मराठीबरोबर ती भाषा जाणणाऱ्या स्त्रीची नेमणूक करावी, अशी तरतूद भरतीच्या नियमांत आहे. त्याच नियमांनी किमान पात्रता बारावी उत्तीर्ण केली आहे.