नदीवरचा पूल, पुलावरची अक्षरे

कॅनडातील टोरांटो शहरात डॉन नदीवर क्वीन स्ट्रीटचा लोखंडी पूल आहे. हा पूल 1911 साली बांधला गेला. 1996 मध्ये कलाकार एल्डन गार्नेट यांनी त्याच्या माथ्यावर धातूच्या अक्षरांत एक वाक्य आणि सोबत घड्याळ बसवले. वाक्याचा आशय असा : मी जिच्यात पाऊल टाकतो ती नदी आणि मी जिच्यात उभा आहे ती नदी एक नाही. कलाकृतीचे नाव 'टाइम : अँड अ क्लॉक'. तिचे पुढचे भाग जवळच्या ब्रॉडव्ह्यू चौकातील पदपथावर आणि जिमी सिम्पसन पार्कमध्ये आहेत.

विचाराचे मूळ ग्रीक तत्त्वज्ञ हेराक्लिटसकडे जाते. तो साधारण बुद्धांच्याच काळातला. आपल्याला हे वाचताच 'अनिच्च' आठवते.

पुलाखालची नदीही तीच राहिलेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिचे वळणदार पात्र सरळ केले गेले. ती इतकी प्रदूषित झाली की 1969 मध्ये पर्यावरण कार्यकर्त्यांनी तिची प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली. अलीकडे तिच्या मुखाशी नवे नैसर्गिक पात्र तयार करण्यात आले आहे.

वस्तीही बदलली. पुलाच्या पूर्वेला रिव्हरसाइड हा जुना कामगार भाग. तेथील ब्रॉडव्ह्यू हॉटेलच्या वरच्या मजल्यांवर कमी उत्पन्नाचे लोक भाड्याच्या खोल्यांत राहत. 2014 मध्ये इमारत विकली गेली, भाडेकरूंना जागा सोडावी लागली आणि 2017 मध्ये तिथे महागडे हॉटेल सुरू झाले. पश्चिमेकडील रीजंट पार्क या सरकारी वसाहतीचा पुनर्विकास 2005 पासून सुरू झाला. तिथल्या भाडेकरूंना मात्र परत येण्याचा हक्क देण्यात आला.

आम्ही वस्त्यांमध्ये काम करतो, तेव्हा "बदल तर होणारच" हे वाक्य अनेकदा ऐकतो. ते खरे आहे, पण अर्धे. धम्म अनित्यतेसोबत प्रतीत्यसमुत्पादही सांगतो. प्रत्येक बदलाला कारणे असतात. नदी आपोआप सरळ झाली नाही, भाडेकरू आपोआप गेले नाहीत. निर्णय माणसांनी घेतले. म्हणूनच ते बदलताही येतात.

मित्रांनो, आपल्या वस्तीत पुनर्विकासाची पाटी लागेल तेव्हा दोन प्रश्न जरूर विचारा : हा निर्णय कोणी घेतला? आणि परत येण्याचा हक्क कागदावर लिहिला आहे का?