वास्तववाद

साहित्य, चित्रकला, चित्रपट, तत्त्वज्ञान, राजकारण आणि विधिशास्त्र या क्षेत्रांत निरनिराळ्या, काही ठिकाणी चक्क विरुद्ध अर्थांनी रूढ झालेली संज्ञा. या सर्व अर्थांना लागू पडेल असे एकच लक्षण देण्याचे प्रयत्न झाले आहेत, पण ते एक तर फार सैल पडतात, नाही तर एखाद्या क्षेत्राला बाहेर ठेवतात. प्रस्तुत नोंदीत साहित्याचा, त्यातही मराठी कथा-कादंबरीचा विचार अधिक विस्ताराने केला आहे.

तत्त्वज्ञान : सर्वांत जुना अर्थ इथला. प्लेटोच्या मते प्रत्यक्ष दिसणाऱ्या घोड्यांपेक्षा ‘घोडा’ हे सामान्य रूप अधिक खरे. मध्ययुगीन यूरोपात अशा सामान्यांना स्वतंत्र अस्तित्व मानणारे ते वास्तववादी, आणि सामान्य म्हणजे निव्वळ नाव असे म्हणणारे ते नामवादी. डोळ्यांसमोरच्या एकेका माणसाला आणि वस्तूला धरून राहणारा कादंबरीकार त्या वादात नामवाद्यांच्या बाजूला बसला असता, ही गंमत लक्षात ठेवावी. भारतीय परंपरेत न्याय-वैशेषिकांनी ‘सामान्य’ हा स्वतंत्र पदार्थ मानला, तर बौद्धांनी अपोहाच्या (इतरांच्या व्यावर्तनाच्या) सिद्धांताने तो नाकारला. बाह्य जग ज्ञात्यावर अवलंबून नाही हा संज्ञेचा आधुनिक अर्थ. बौद्ध विज्ञानवाद्यांशी नैयायिकांचा झगडा याच मुद्द्यावर होता. इंग्लंडमध्ये जी. ई. मूर याने 1903 मध्ये चिद्वादाचे खंडन करणारा निबंध लिहून हा पक्ष पुन्हा उभा केला.

चित्रकला : संज्ञा कलाक्षेत्रात गाजली ती गुस्ताव्ह कूर्बेमुळे. 1855 मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याची काही मोठी चित्रे नाकारली गेली, तेव्हा त्याने जवळच स्वतःचा मंडप उभारून त्याला ‘वास्तववाद’ हेच नाव दिले. नाकारलेल्यांत ऑर्नां या त्याच्या गावातील एका दफनविधीचे चित्र होते. ते साडेसहा मीटरहून रुंद आहे आणि त्यातली गावकरी मंडळी जवळजवळ पुऱ्या मापाची आहेत. एवढा कॅनव्हास तोवर राजे, संत आणि लढाया यांच्यासाठी राखून ठेवलेला असे. आक्षेप रंगकामाइतकाच या मापालाही होता. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत रुजलेली यथार्थदर्शी शैली ही निराळी गोष्ट : ती हुबेहूबपणाचे तंत्र आहे, आणि त्या तंत्राने देवादिकांची चित्रेही काढता येतात, हे राजा रविवर्म्याने दाखवून दिले.

साहित्य : फ्रान्समध्ये शांफ्लरी याने 1857 मध्ये ‘वास्तववाद’ याच नावाने लेखसंग्रह काढला. त्याच वर्षी फ्लोबेरवर ‘मादाम बोव्हारी’साठी खटला झाला, तो निर्दोष सुटला. पुढे झोलाने निरीक्षणाला आनुवंशिकता आणि परिस्थिती यांची शास्त्रीय जोड देऊ पाहिली (पाहा : निसर्गवाद). सोव्हिएत लेखकांच्या 1934 च्या पहिल्या परिषदेत ‘समाजवादी वास्तववाद’ अधिकृत धोरण ठरला. तेथे वास्तव जसे आहे तसे नव्हे, तर क्रांतीच्या दिशेने जाताना दाखवणे अपेक्षित होते. वास्तववाद हा अखेर संकेतांचाच एक संच आहे, ही भूमिका रोमान याकोबसन याने 1921 मध्येच मांडली होती. ती पुढे रोलां बार्तने कथेतल्या ‘निरुपयोगी’ तपशिलाकडे बोट दाखवून टोकाला नेली.

मराठीत सुरुवात कुठून धरावी याबद्दल एकमत नाही. बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ (1857) ही पहिली मराठी कादंबरी म्हणून सामान्यतः दाखवली जाते. प्रवासात भेटणाऱ्या विधवांच्या हकिकती हा तिचा कणा. ख्रिस्ती धर्मप्रचाराचा हेतू उघड असल्याने काही अभ्यासक तिला कादंबरी म्हणायला कचरतात. पण विधवेच्या घरातल्या जिण्याकडे इतक्या सरळ पाहणारे गद्य तिच्याआधी नव्हते, आणि तिच्यानंतरही बराच काळ ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ अशा अद्भुतरम्य कादंबऱ्यांचीच चलती होती. भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती मानल्या, त्यांतल्या वास्तववादी प्रवृत्तीला ‘यमुनापर्यटन’चेच नाव दिले आहे.

हरि नारायण आपटे यांनी आपल्या सामाजिक कादंबऱ्यांना ‘आजकालच्या गोष्टी’ म्हटले. 1890 मध्ये सुरू केलेल्या ‘करमणूक’ या साप्ताहिकातून त्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो!’ क्रमशः छापली. निवेदक आहे यमू, पुण्याच्या ब्राह्मण कुटुंबातली मुलगी. मोठ्या माणसांचे दबलेले बोलणे, सासुरवासाचे बारकावे, बालवयातले लग्न, वैधव्य आणि जबरीचे केशवपन हे सर्व तिच्याच तोंडून येते. यमूला कळत नाही ते वाचकाला कळते. कादंबरीचे बळ या फटीत आहे. सुधारणेचा उपदेश त्यामानाने दुय्यम. त्याच ‘करमणुकी’त पुढे ‘उषःकाल’ही आली, म्हणजे वास्तव आणि ऐतिहासिक रोमान्स यांचा वाचक एकच होता.

यानंतरची चार दशके या दृष्टीने पातळ आहेत. कला कलेसाठी की जीवनासाठी, हा ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्यातला वाद पुष्कळ गाजला, पण दोन्ही बाजूंची पात्रे सारख्याच सुबक भाषेत बोलत राहिली. खरा धक्का विभावरी शिरूरकर यांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ने (1933) दिला. शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित स्त्रीचे मन या पुस्तकाने असे उघडे केले की या टोपणनावामागे कोण आहे याचीच चर्चा महाराष्ट्रभर झाली. त्याच साली ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक रंगभूमीवर आणले. स्त्रीभूमिका स्त्रियांनी करणे हा तिथल्या वास्तवाचाच भाग होता.

पात्रांच्या भाषेचा प्रश्न सुटला तो व्यंकटेश माडगूळकर, श्री. ना. पेंडसे, उद्धव शेळके यांच्यापाशी. ‘बनगरवाडी’त (1955) औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर एक पोरगेलासा मास्तर येतो; तालीम बांधून होते, मग दुष्काळ पडतो आणि वाडी उठते. कथानक म्हणून एवढेच. ‘धग’मधली (1960) कौतिक वऱ्हाडीत बोलते, म्हणून तिची झुंज उसनी वाटत नाही. शहरी बाजूला भाऊ पाध्ये यांची ‘वासूनाका’ (1965) आली. नाक्यावरच्या पोरांची भाषा जशीच्या तशी छापल्याबद्दल आचार्य अत्रे यांनी तिच्यावर कडाडून हल्ला चढवला.

दलित साहित्याने वास्तववादाचा आधीचा हिशेबच बदलला. बाबुराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ (1963) हा कथासंग्रह आणि दया पवारांचे ‘बलुतं’ (1978) हे आत्मकथन यांत निरीक्षक आणि निरीक्षित यांतले अंतर उरत नाही. या लेखनाला ‘वास्तववादी’ म्हणावे की ते नाव त्याला अपुरे पडते, याबद्दल समीक्षकांत मतभेद आहेत. 

चित्रपट : बाबूराव पेंटर यांचा ‘सावकारी पाश’ (1925) हा मूकपट शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणावर होता. तरुण शेतकऱ्याचे काम व्ही. शांताराम यांनी केले. इटालियन नववास्तववादाने स्टुडिओ सोडून रस्ता धरला. ‘बायसिकल थीव्ह्‌ज’चा (1948) नायक साकारणारा माणूस व्यवसायाने कारखान्यातला कामगार होता. हा चित्रपट 1952 च्या मुंबईतील आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखवला गेला. ‘दो बीघा जमीन’ आणि ‘पथेर पांचाली’ यांच्या संदर्भात त्याचे नाव नेहमी घेतले जाते. अलीकडच्या मराठीत नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (2013) आणि चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (2014). ‘कोर्ट’मध्ये शेवटाकडे सुट्टी लागते, दालनातले दिवे मालवले जातात, पडदा काळा होतो. प्रेक्षक उठायच्या बेतात असतो, तोच न्यायाधीश कुटुंबासह सहलीला निघालेले दिसतात. वास्तववादी शेवट कसा नसावा याचे इतके नेमके भान आपल्याकडे क्वचित दिसते.

राजकारण : राष्ट्रे नीतीपेक्षा सत्ता आणि सुरक्षितता यांच्या हिशेबाने वागतात, असे मानणारा विचार. थ्युसिडिडीझ, कौटिल्य आणि मॅकियाव्हेली हे पूर्वज म्हणून सांगितले जातात, पण ते सांगणे बरेचसे मागाहूनचे आहे. आधुनिक मांडणी ई. एच. कार (1939) आणि हान्स मॉर्गेनथाऊ (1948) यांची. केनेथ वॉल्ट्झ याने 1979 मध्ये मानवी स्वभावाऐवजी राष्ट्रव्यवस्थेच्या रचनेवर भर दिला.

विधिशास्त्र : न्यायाधीश प्रत्यक्षात काय करतात यातून कायदा समजून घ्यावा, असे म्हणणारा 1920-30 च्या दशकांतील अमेरिकन विचारप्रवाह, प्रमुख नावे कार्ल ल्युएलिन व जेरोम फ्रँक.