बीपीची गोळी अचानक बंद का करू नये?

बीपी नॉर्मल आलं की 'आता गोळीची गरज नाही' असं अनेकांना वाटतं. पण बहुतेक वेळा ते नॉर्मल असतं गोळीमुळेच. त्यातही काही गोळ्या एकदम बंद केल्या, तर रक्तदाब पूर्वीपेक्षाही वर जाऊ शकतो.

शरीरात बीपी कोण सांभाळतं?
स्वायत्त मज्जासंस्था. तिचे दोन मुख्य भाग आहेत. सिम्पथेटिक भाग नॉरअ‍ॅड्रेनॅलिनच्या मदतीने हृदयाचे ठोके वाढवतो आणि रक्तवाहिन्या आकुंचित करतो, त्यामुळे बीपी चढतं. पॅरासिम्पथेटिक भाग ठोके मंद करतो.

गोळ्या काय करतात?
मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, प्रोप्रानोलॉल हे बीटा ब्लॉकर आहेत. हृदयावरचे बीटा रिसेप्टर, म्हणजे हा संदेश घेणाऱ्या जागा, ते अडवतात. प्राझोसिन रक्तवाहिन्यांवरचे अल्फा रिसेप्टर अडवतं. म्हणून पहिल्या डोसनंतर उठून उभं राहताना चक्कर येऊ शकते. क्लोनिडिन मेंदूतून निघणारे सिम्पथेटिक संदेशच कमी करतं.

अचानक थांबवलं तर?
बीटा ब्लॉकर बराच काळ घेतल्यावर शरीर रिसेप्टरची संख्या वाढवून जुळवून घेतं. गोळी बंद होताच हे सगळे रिसेप्टर मोकळे होतात आणि नेहमीच्या अ‍ॅड्रेनॅलिनचाही परिणाम जास्त होतो. हृदयविकार असलेल्यांना छातीत दुखू शकतं, हार्ट अटॅकही येऊ शकतो. क्लोनिडिन थांबवल्यावर एक-दोन दिवसांतच बीपी झपाट्याने चढू शकतं. सोबत धडधड, घाम, डोकेदुखी आणि अस्वस्थपणा जाणवतो.

सगळ्याच गोळ्यांचं असं होतं का?
नाही. अ‍ॅम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन वेगळ्या मार्गाने काम करतात. त्या थांबवल्यावर सहसा असा उसळा येत नाही, पण बीपी हळूहळू पुन्हा वाढतं. त्रास जाणवत नसल्याने ते लक्षातही येत नाही.

मग काय करावं?
- गोळी बंद करायची असेल तर डॉक्टरांना विचारा. बीटा ब्लॉकरचा डोस साधारण एक ते दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने कमी केला जातो.
- गावी किंवा प्रवासाला जाताना पुरेशा गोळ्या सोबत ठेवा.
- एखादा डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका.
- गोळी थांबवल्यावर छातीत दुखलं किंवा दम लागला, तर लगेच हॉस्पिटल गाठा.