चितळ, चांदा आणि तीनशे पंधरा

आमच्या चांद्याला (म्हणजे चंद्रपूरला, सरकारने १९६४ साली गावाला जुनं नाव परत दिलं, पण आमच्या पिढीच्या जिभेने ते अजून पुरतं घेतलेलं नाही) एके काळी दोन विषयांवर बोलायला कसलीही पात्रता लागत नसे. एक उन्हाळा आणि दुसरी शिकार. उन्हाळा प्रत्येकाने सोसलेला असे आणि शिकार प्रत्येकाने ऐकलेली असे. त्यामुळे वाघ कुठे मारावा, सांबर कुठे मारावं आणि चितळावर कोणती बंदूक चालवावी, याविषयी पोस्टमास्तरांपासून पिठाच्या गिरणीवाल्यापर्यंत सगळ्यांची मतं ठाम असत. प्रत्यक्ष बंदूक असलेली माणसं तेवढी थोडी घुटमळून बोलत.

माझे मोठे काका वकील होते. दिवाणी बाजू. बांध, वहिवाट आणि वाटण्या यांत त्यांची हयात गेली. अशा माणसाला चितळाच्या शिकारीसाठी रायफल घ्यायची हुक्की का आली, हे काकूला शेवटपर्यंत कळलं नाही. आमच्या घरात अंडंसुद्धा आलं नव्हतं. ‘मारून करणार काय? लोणचं?’ असं काकूने एकदाच विचारलं. काकांनी उत्तर दिलं नाही, कारण ते त्या वेळी फोर्सिथ वाचत होते. कॅप्टन फोर्सिथचं मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरचं पुस्तक १८७१ सालचं, आणि डन्बर ब्रँडर या जंगल अधिकाऱ्याचं मध्य प्रांतातल्या वन्यप्राण्यांवरचं १९२३ सालचं. ही दोन पुस्तकं काकांनी कुठून तरी पैदा केली होती आणि सिव्हिल प्रोसीजर कोडाच्या शेजारी ठेवली होती. पाहुण्याला वाटावं, कोडाचेच पुढचे भाग असतील.

संध्याकाळी ओसरीवर त्रिमूर्ती जमे. काका, एक निवृत्त रेंजर आणि हायस्कुलातले एक इतिहासाचे मास्तर. दुनळी रायफल पहिल्याच बैठकीत बाद झाली. दुनळी म्हणजे दोन नळ्या अशा जुळवायच्या की दोन्हींच्या गोळ्या एकाच जागी लागाव्यात. दोन सख्ख्या भावांना एका मतावर आणण्याइतकंच हे अवघड काम, म्हणून विलायतेतला कारागीर त्याची किंमतही वाटणीच्या दाव्याएवढी घेई. राजेरजवाड्यांचा आणि अहेरीसारख्या जमीनदारीचा तो मामला. वकिलाने एकनळी बोल्टची रायफल घ्यावी, यावर एकमत झालं. कोणती घ्यावी, यावर पुढची सहा वर्षं झालं नाही.

बोल्टची रायफल ही मुळात कडीची कल्पना आहे. वाड्याच्या दाराला सरकती कडी असते ना? दांडा उचलायचा, मागे ओढायचा, पुढे सारायचा, खाली पाडायचा. मागे ओढताना रिकामं काडतूस बाहेर, पुढे सारताना भरलेलं आत, दांडा खाली पडला की दार बंद. ही युक्ती पहिल्यांदा लष्करात नेली ती प्रशियाच्या ड्रायझेने, आणि तो होता एका कुलूप करणाऱ्याचा मुलगा. बापाच्या दुकानात बसून पोराच्या डोक्यात काय शिरेल, ते सांगता येत नाही. प्रशियाने ही बंदूक १८४१ साली स्वीकारली आणि १८६६ साली साडोव्याला ऑस्ट्रियाच्या फौजेचा फडशा पाडला. ऑस्ट्रियाचे शिपाई उभे राहून नळीच्या तोंडातून दारू ठासत होते आणि प्रशियाचे शिपाई पालथे पडून कडी लावत-काढत होते. मास्तर ही लढाई चहाच्या कपबश्या मांडून दाखवीत. ऑस्ट्रियाच्या बाजूची एक बशी त्यात खरोखरच कामी आली.

त्यानंतर आला पॉल माउझर, बंदूक कारखान्यातल्या कारागिराचं तेरावं अपत्य. त्याच्या १८९८ च्या बोल्टपुढे जगातल्या बहुतेक कारखान्यांनी हात टेकले आणि मग त्याच हातांनी नक्कल केली. दक्षिण आफ्रिकेत १८९९ साली बोअर शेतकऱ्यांनी माउझरच्या सात मिलिमीटरच्या रायफलींनी इंग्रजांना लांबूनच असं टिपलं, की इंग्रज त्या काडतुसाच्या प्रेमातच पडले. फक्त जर्मन माप तोंडात घ्यायला लाज वाटली, म्हणून लंडनच्या रिग्बी कंपनीने त्याचं इंचात बारसं केलं: .२७५ रिग्बी. चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ साली मारल्याबद्दल जिम कॉर्बेटला बक्षीस मिळाली ती हीच. कॉर्बेटने वापरली म्हटल्यावर काकांचा जीव तिच्यात अडकला. हलकी, नेमकी, धक्का कमी. ‘चितळाला आणखी काय लागतं?’ ते विचारीत.

रेंजरसाहेब मान हलवीत. ‘वकीलसाहेब, तुमची ती गोळी मैदानातली. आपल्याकडे बांबू. पन्नास पावलांपलीकडे दिसतं काय? आणि मध्ये काडी आली की हलकी गोळी जाते आपल्या वाटेने. जड गोळी घ्या, संथ चालणारी.’ आता हे मत त्या काळी शिकाऱ्यांत सर्वमान्य होतं. पुढे लोकांनी फांद्यांमधून गोळ्या झाडून पाहिल्या, तेव्हा दिसलं की काडी आडवी आली की हलकी काय नि जड काय, कुठलीच गोळी सरळ जाण्याची हमी देत नाही. पण ओसरीवर बांबू नव्हता, त्यामुळे रेंजरसाहेबांचा मुद्दा टिकला.

मास्तरांचं म्हणणं सरळ होतं. .३०३ घ्या. दोन महायुद्धं जिंकलेली रायफल, देशातच बनते, काडतुसांना तोटा नाही. आणि इथे सगळ्या चर्चेत एक चौथा गृहस्थ उतरला. त्याचं नाव सरकार.

गंमत अशी, की चांद्याच्या चितळावर कोणती गोळी झाडायची हे चितळाच्या आकारावरून ठरतच नव्हतं. ते ठरलं होतं पन्नास-साठ वर्षांपूर्वी आणि भलत्याच कारणांनी. सत्तावन्नची भीती इंग्रजांच्या हाडात बसलेली होती. आमच्या मुलखात तर ती १८५८ पर्यंत धुमसत राहिली. मोलमपल्लीच्या बाबूराव शेडमाक्यांना त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात फाशी दिलं. पुढे १८७८ चा हत्यारांचा कायदा आला. हिंदी माणसाला परवाना, गोऱ्याला माफी. एवढ्यानेही झोप लागेना, तेव्हा १९०७ च्या सुमाराला .४५० बोअरच्या रायफली हिंदुस्थानात आणायलाच बंदी घातली, कारण त्या मापाची गोळी जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींना कामी येईल आणि तसल्या रायफली बंडखोरांच्या हाती होत्या. विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी काय करावं? त्यांनी भराभर .४६५, .४७०, .४७५ अशी नवी मापं काढली. वाघाला फरक कळला नाही. सरकारला मात्र झोप लागली.

हाच न्याय .३०३ ला. फौजेचं काडतूस खाजगी माणसाच्या बंदुकीत बसता कामा नये. मग बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कंपनीने तोड काढली. फौजेच्या ली-एनफिल्डचाच बोल्ट घ्यायचा आणि नळी मात्र ऑस्ट्रियाच्या जुन्या आठ मिलिमीटरच्या मॅनलिकर काडतुसाची बसवायची. ती .३१५. फौजेकडून चोरलेलं काडतूस तिच्यात चालू नये, हीच तिची मोठी लायकी. स्वातंत्र्यानंतर ती बंगालात ईशापूरच्या सरकारी कारखान्यात होऊ लागली. म्हणजे साडोव्याला मार खाल्लेल्या ऑस्ट्रियाचं काडतूस, स्कॉटलंडात जन्मून कॅनडात वाढलेल्या जेम्स ली नावाच्या गृहस्थाचा बोल्ट, बर्मिंगहॅमची अक्कल, बंगालचं पोलाद आणि चांद्याचा वकील. एवढे सगळे एका चितळामागे.

काकांना वाटलं होतं, स्वराज्य आलं, आता तरी हे बदललं असेल. मास्तरांनीच त्यांना आठवण करून दिली होती, की १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्कही लिहिला होता, नियमांच्या अधीन का होईना. राज्यघटनेत तो उतरला नाही. १९५९ चा नवा कायदा आला, १९६२ चे नियम आले, आणि नियमांत .३०३ जिथल्या तिथे: मनाई केलेलं बोअर. साहेब गेला, पण त्याची भीती कपाटात जशीच्या तशी ठेवून गेला आणि आपल्या लोकांनी ती झटकून अंगात घातली. पोलिसाच्या खांद्यावर मात्र तीच .३०३ राहिली, ती इतकी वर्षं, की २००८ च्या मुंबई हल्ल्यातही काही पोलिसांच्या हातात तीच होती.

तेव्हा .२७५ परवडत नाही आणि .३०३ चालत नाही. उरली .३१५. सहा वर्षं वाद घालून काकांनी जी निवडली ती निवडायला एक मिनिट पुरलं असतं, असं काकू म्हणत असे.

पण काकांनी रायफलीचा हट्ट धरला त्याला एक कारण होतं, आणि ते ओसरीवर कधी निघालं नाही. मला ते रेंजरसाहेबांकडून कळलं. काका एकदा मूलच्या बाजूला एका अशिलाच्या हाक्याला नुसते बघे म्हणून गेले होते. तिथे कुणीतरी बारा बोरच्या छऱ्यांनी साठ-सत्तर पावलांवरून चितळाच्या नरावर बार टाकला. मोठे छरे एवढ्या अंतरावर फाकतात. नर पडला नाही. दोन छरे पोटात घेऊन गेला. शिकारी मंडळी जेवायला परतली. काका एका गोंड म्हाताऱ्याबरोबर रक्ताच्या मागावर संध्याकाळपर्यंत चालत राहिले. जनावर दुसऱ्या दिवशी सापडलं, नाल्यात, पाण्यापर्यंत पोचलेलं, आणि तेव्हाही जिवंत. म्हाताऱ्याने पुढचं काम कुऱ्हाडीने उरकलं आणि एवढंच म्हटलं, ‘बंदूक कोनतीही असू द्या जी, मानूस जवळ गेला पायजे.’

चितळाचा नर सत्तर-ऐंशी किलोचा. खांद्यामागे वीतभर जागा आहे, तिथे एक गोळी लागली तर तो तीसएक पावलांत संपतो. त्या वितीच्या बाहेर लागली तर रात्रभर मरतो. रायफल निवडणं म्हणजे एवढंच. बाकी माउझर, साडोवा आणि कॉर्बेट ही तोंडी लावणी.

.३१५ आल्यावर काका एकदाच तिच्यासह जंगलात गेले. तेव्हा राखीव जंगलाचे शिकारीसाठी ब्लॉक पाडलेले असत आणि परवान्यावर किती दिवस, कोणतं जनावर, किती, हे लिहून येई. मादीवर गोळी टाकायची नाही. आलापल्लीच्या बाजूचा एक ब्लॉक मिळाला. सागाची झाडं अशी की टोपी पडावी. पहिले दोन दिवस वानरांनी वरून खबर दिली आणि चितळांनी खालून, आणि सगळं जंगल रिकामं झालं. तिसऱ्या दिवशी मोहाखाली एक नर उभा होता. काका चाळीस पावलांवर गेले. एक गोळी. नर पंचवीस पावलं धावून पडला. मटण हाकाऱ्यांनी वाटून घेतलं. शिंगं काकूने घरात येऊ दिली नाहीत. ज्या माणसाने साडोव्याची लढाई शंभरदा ऐकून घेतली होती, त्याने ही शिकार एकदाही कुणाला सांगितली नाही. विचारलं तर ‘हो, लागली’ म्हणत आणि पान लावायला घेत.

तोवर खरं म्हणजे रायफलीचं महत्त्वच संपत आलं होतं. जनावरं संपवली ती नेमबाजांनी नव्हे, जीपगाडीने. महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या जीपगाड्या स्वस्तात बाजारात आल्या. रात्री हेडलाइट लावायचा, डोळे चमकले की बार टाकायचा. यात बोल्ट कुणाचा हा प्रश्नच येत नाही. हिंदुस्थानातले शेवटचे तीन चित्ते १९४७ साली कोरिया संस्थानच्या महाराजांनी मारले, तेही रात्री मोटारीतून जाताना, दिव्याच्या उजेडात. पिकाच्या राखणीसाठी दिलेल्या बंदुकांनीही मुख्यत्वे पीक सोडून बाकी सगळीकडे काम केलं. ताडोबाचं अभयारण्य १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, राज्यातलं पहिलं, म्हणून तेवढं उरलं. १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि पुढे १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याचं उरलंसुरलं दारही बंद झालं. तो कायदा काकांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, ‘मसुदा चांगला आहे.’ दिवाणी वकिलाकडून याहून मोठी शाबासकी मिळत नाही.

१९८२ च्या २६ ऑगस्टला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. त्याच सुमाराला तिकडच्या जंगलात नक्षलवादी आले आणि रायफल या शब्दाचा अर्थच पालटला. तिथे आता बंदुकीचा आवाज झाला तर ‘चितळ का सांबर?’ असं कुणी विचारीना. माडिया गावांतल्या ठासणीच्या जुन्या भरमार बंदुका अलीकडे लोकांनी पोलिसांकडे नेऊन दिल्या. आणि चितळं पुन्हा वाढली. सिंदेवाही, ब्रह्मपुरीच्या बाजूला धान निसवलं की कळप बांधीत उतरतात, रानडुकरं वेगळी, आणि त्यांच्या मागोमाग वाघ. शेतकरी रात्रभर डबा वाजवत जागली करतो, आणि पहाटे डोळा लागला की पीक जातं. मग कुणीतरी कुंपणाच्या तारेत चोरून वीज सोडतो. त्या तारेला चितळ, वाघ, शेजाऱ्याचा बैल आणि शेजारी, सगळे सारखेच. नर का मादी तेही ती बघत नाही. काकांच्या परवान्यावर निदान तेवढं तरी लिहिलेलं होतं.

काका गेल्यावर रायफल वारसाने चुलतभावाच्या नावे झाली. तो नागपुरात तिसऱ्या मजल्यावर राहतो. दर निवडणुकीला ती ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर सोडवून आणायची. इतक्या निवडणुका तर देशातल्या फार थोड्या पुढाऱ्यांनी पाहिल्या असतील. परवान्याच्या नूतनीकरणाच्या फॉर्मात ‘प्रयोजन’ असा रकाना असे. भाऊ तिथे नेमाने ‘पीकसंरक्षण’ लिही. गच्चीत त्याची तुळस आणि दोन कुंड्या मिरच्या होत्या. शेवटी कंटाळून त्याने ती कायमची जमा करून टाकली. पावती माझ्याकडे आहे: रायफल .३१५, बोल्ट ॲक्शन, एक नग, चालू स्थितीत. सोबत काडतुसे एकोणीस. काकांनी वीस घेतली होती.