जुन्या गाडीचा ऑक्सिजन सेन्सर: बिघाड ओळखायचा कसा आणि बदलायचा कसा?

तुमची पेट्रोल गाडी दहा-पंधरा वर्षं जुनी आहे, अॅव्हरेज अचानक कमी झालंय, मागे उभं राहिलं की पेट्रोलचा वास येतो आणि डॅशबोर्डवर पिवळी चेक इंजिन लाइट पेटलेली आहे. गॅरेजमध्ये गेलात तर बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं, "ऑक्सिजन सेन्सर गेलाय, बदलून टाकू." कधी ते खरं असतं, पण कित्येकदा नसतं. सेन्सर काही हजारांचा येतो आणि चुकीच्या निदानावर तो बदलला तर आठ दिवसांत लाइट पुन्हा पेटते. म्हणून आधी तपासायचं कसं ते बघू, मग बदलायचं कसं ते.

हा सेन्सर करतो काय?

एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर किंवा त्याच्या लगेच पुढच्या पाइपवर स्पार्क प्लगसारखा दिसणारा, वायर जोडलेला एक भाग असतो. तोच ऑक्सिजन सेन्सर, ज्याला लॅम्डा सेन्सर असंही म्हणतात. बॉश कंपनीने तो १९७६ मध्ये बाजारात आणला आणि अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या व्होल्वो गाड्यांत तो सर्वात आधी बसला. आपल्याकडे १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला, २००० साली शिसेमिश्रित पेट्रोल देशभर बंद झालं आणि त्यानंतर फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांबरोबर हा सेन्सर घरोघरी पोहोचला. कार्ब्युरेटरवाल्या जुन्या गाडीत तो शोधत बसू नका.

सेन्सरच्या टोकाला झिर्कोनिया नावाचं सिरॅमिक असतं. एका बाजूला बाहेरची हवा, दुसऱ्या बाजूला इंजिनचा धूर. दोन्हींतल्या ऑक्सिजनमध्ये जितका फरक जास्त, तितका व्होल्टेज जास्त. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल जास्त झालं (मेकॅनिकच्या भाषेत मिक्श्चर रिच) तर धुरात ऑक्सिजन उरत नाही आणि सेन्सर ०.८-०.९ व्होल्ट देतो. हवा जास्त झाली (मिक्श्चर लीन) तर ०.१ व्होल्टच्या आसपास. ईसीयू हा आकडा बघून पेट्रोल किंचित कमी-जास्त करत राहतो, त्यामुळे निरोगी सेन्सरचा व्होल्टेज कधी स्थिर नसतो, तो सतत वर-खाली झोके घेतो.

हे सगळं टोक ३०० ते ३५० अंशांच्या वर तापल्यावरच सुरू होतं. लवकर तापावं म्हणून त्यात हीटर बसवलेला असतो. जुन्या गाड्यांत सेन्सरपेक्षा हा हीटरच आधी जातो. शहरात दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत हीटर गेला की ईसीयू बराच वेळ अंदाजाने, म्हणजे जास्तच पेट्रोल टाकत राहतो. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं, आणि तो वितळला तर खर्च सेन्सरच्या कितीतरी पट.

कोड म्हणजे निदान नाही

एप्रिल २०१० पासून बीएस-४ गाड्यांना ओबीडी-१ आणि एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ लागू झालं. त्यामुळे २०१३ नंतरच्या पेट्रोल गाडीला ब्लूटूथवर चालणारा साधा ईएलएम ३२७ स्कॅनर लावला की मोबाइलवर सगळं दिसतं. त्याआधीच्या काही गाड्यांत पोर्ट तोच असतो, पण भाषा कंपनीची स्वतःची, स्वस्त स्कॅनर जोडलाच जात नाही. तिथे मल्टिमीटर किंवा त्या कंपनीचा स्कॅनर असलेलं गॅरेज, हे दोनच मार्ग.

पी ०१३५ हा पुढच्या सेन्सरच्या हीटरचा कोड, पी ०१४१ मागच्या सेन्सरच्या हीटरचा. पी ०१३३ म्हणजे सेन्सर सुस्त झालाय. हे कोड सेन्सरकडे किंवा त्याच्या वायरिंगकडे बोट दाखवतात. पण पी ०१७१ (मिक्श्चर लीन) किंवा पी ०१७२ (मिक्श्चर रिच) आले, तर सेन्सर बहुधा निरोप्याचं काम करतोय. बातमी वाईट आहे म्हणून पोस्टमन बदलून काय होणार?

सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे मिसफायर. एखाद्या सिलिंडरचा प्लग किंवा कॉइल नीट काम करत नसेल तर तिथलं पेट्रोल जळत नाही, तसाच ऑक्सिजनही वापरला जात नाही. दोन्ही तसेच धुरात येतात. सेन्सरला फक्त ऑक्सिजन कळतो, म्हणून तो "लीन" सांगतो आणि ईसीयू आणखी पेट्रोल टाकतो. तुम्हाला वास पेट्रोलचा येतो आणि स्कॅनर सांगतो पेट्रोल कमी! एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलेलं असेल तरी हेच होतं, कारण सेन्सरच्या आधी असलेल्या भेगेतून बाहेरची हवा आत ओढली जाते. थंड इंजिन चालू केल्यावर समोरून टिक-टिक असा आवाज येत असेल तर आधी ते गॅस्केट बघा.

आणखी एक खास आपल्याकडचा मुद्दा. ई-२० पेट्रोलमधल्या इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला हवा कमी, म्हणजेच तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. जुन्या गाडीत फ्युएल ट्रिम काही टक्के अधिककडे सरकलेला दिसला तर लगेच घाबरू नका. साधारण अधिक-उणे १० टक्क्यांपर्यंत चालतं. २० च्या पुढे गेलं की मात्र कारण शोधायला हवं.

प्रत्यक्ष तपासणी

गाडी १०-१५ मिनिटं चालवून इंजिन पूर्ण तापवा. मग न्यूट्रलमध्ये २,५०० आरपीएम धरून पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज बघा. स्कॅनर नसेल तर डिजिटल मल्टिमीटरची टाचणी कनेक्टरच्या मागून सिग्नलच्या वायरला लावा. चार वायरच्या बऱ्याच सेन्सरमध्ये दोन पांढऱ्या वायर हीटरच्या, काळी सिग्नलची आणि करडी अर्थची असते, पण रंग कंपनीप्रमाणे बदलतात, तेव्हा आपल्या गाडीची वायरिंग आकृती बघूनच हात घाला.

आकडा ०.१ ते ०.९ च्या दरम्यान झोके घेत असेल तर उत्तम. ०.४५ च्या आसपास चिकटून बसला असेल तर सेन्सर थंड आहे, मेला आहे किंवा वायर तुटली आहे. एकाच टोकाला अडकला असेल तर निर्णय देण्याआधी त्याला हलवून बघा. एकदम अॅक्सिलरेटर दाबा, ०.८ च्या वर जायला हवा. सोडून द्या, इंजेक्शन क्षणभर बंद होऊन तो शून्याकडे यायला हवा. दोन्हीकडे झटकन जात असेल तर सेन्सर ठणठणीत आहे, दोष दुसरीकडे शोधा. सावकाश, आळस दिल्यासारखा जात असेल तर तो म्हातारा झालाय.

हीटरसाठी इंजिन थंड असताना कनेक्टर काढा आणि हीटरच्या दोन वायरींमधला रोध मोजा. साधारण ३ ते १५ ओहम यायला हवा. अनंत दाखवला तर हीटर तुटला. रोध बरोबर असूनही कोड येतो? मग फ्यूज तपासा, हीटरच्या वायरला १२ व्होल्ट पोहोचतात का ते बघा. उंदरांनी कुरतडलेली वायर हे पावसाळ्यात फार कॉमन कारण आहे, आणि त्याला खर्च जवळपास शून्य.

हे आकडे साध्या झिर्कोनिया सेन्सरचे आहेत. काही गाड्यांत पुढे वाइडबँड म्हणजे एअर-फ्युएल सेन्सर असतो, त्याला ही पद्धत लागू नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागे दुसरा सेन्सर असेल तर तो मात्र बराचसा स्थिर, ०.६-०.७ च्या आसपास असायला हवा. तो पुढच्यासारखाच नाचत असेल तर मामला बहुधा कन्व्हर्टरचा आहे.

बदलताना

आटे बहुतेक गाड्यांत एम १८ × १.५ मापाचे आणि पाना २२ मिलिमीटरचा. वायरसाठी खाच असलेला खास गोटी पाना मिळतो, तो घ्याच, साध्या पान्याने कडा गोल होतात. आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. दुसऱ्या दिवशी इंजिन थोडं चालवून, पाइप कोमट असताना सेन्सर सोडवा, कारण गार लोखंडात तो आटे घेऊन बाहेर येतो. लाल तापलेला असताना हात घालायची घाई नको. गाडीखाली जायचं असेल तर जॅकच्या भरवशावर नाही, स्टँड लावूनच.

निघालेल्या सेन्सरचं टोक नीट बघा. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. करडी-तपकिरी राख म्हणजे इंजिन ऑइल पितंय. पांढरा थर दिसला तर कूलंट गळत असेल, किंवा कुणीतरी गॅस्केटला साधं सिलिकॉन फासलं असेल. ही कारणं तशीच ठेवली तर नवा सेन्सरही त्याच वाटेने जाणार.

नव्या सेन्सरच्या आट्यांना बहुधा आधीच पेस्ट लावलेली असते, वर आणखी लावू नका. टोकाला बोट, ग्रीस, स्प्रे काहीही लागू देऊ नका. साधारण ४० न्यूटन-मीटर, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये. वायर तापलेल्या पाइपापासून दूर क्लिपमध्ये अडकवा. युनिव्हर्सल सेन्सर स्वस्त पडतो, पण त्यात वायर जोडाव्या लागतात. सोल्डर करू नका, कारण बऱ्याच सेन्सरमध्ये बाहेरची हवा वायरच्या तारांमधूनच आत जाते. त्यापेक्षा गाडीच्या कनेक्टरसह येणारा घेतलेला बरा.

सीएनजी किट असलेल्या जुन्या गाड्यांना काही ठिकाणी सेन्सर न बदलता एम्युलेटर लावून देतात. तो ईसीयूला खोटे झोके दाखवतो. लाइट विझते, मिक्श्चर तसंच राहतं, आणि बीएस-४ गाडीच्या पीयूसीमध्ये लॅम्डा ०.९७ ते १.०३ मध्ये यायला हवा तिथे पकडले जाता. १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करायचं असेल तर हा जुगाड काढूनच ठेवा.

काम झाल्यावर कोड पुसा, ३०-४० किलोमीटर शहर आणि हायवे मिळून गाडी चालवा आणि फ्युएल ट्रिम पुन्हा बघा. आकडा शून्याकडे सरकला असेल तर काम झालं. कोड पुसूनही ट्रिम २५ वरच बसला असेल तर इनटेकचे रबरी पाइप आणि पेट्रोल पंपाचं प्रेशर तपासायला घ्या.